बराबर टायमावर

"आज दार उघडाच, उमरावभाऊ. दहा दिस झाले, वरून थेंब नाई," कवडू म्हणाला आणि उत्तराची वाट न पाहता तलावाच्या पाळीवर ऐसपैस बसला. त्याच्यामागे आणखी चौघं उभे होते. पाणी सोडल्याशिवाय हलायचं नाही, असं घरूनच ठरवून आलेले.

उमराव कापगते मात्र घाटाच्या पायऱ्या मोजत होता. सात पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. पायजमा गुडघ्यापर्यंत सारून तो खाली उतरला, पाण्यात हात घातला, वर आला आणि पाळीखालच्या बांधीतलं, धानाच्या खाचरातलं एक रोप मुठीत धरून त्यानं बोटांनी चाचपलं. डॉक्टर पेशंटची नाडी बघतो तेव्हा नातेवाईक जसे गप्प होतात, तसे सगळे गप्प झाले.

"शनवारी," तो म्हणाला.

"शनवारी? आज त मंगळवार आहे गा!"

"म्हनूनच त सांगून राहिलो. धान अजून पोटरीत नाई आला, लोंबी नाई धरली. आता पानी देल्लं त निस्ता पाला माजन. शनवारी देल्लं त दाना भरन. चार दिस कळ काढा."

कवडूनं तोंड वाकडं केलं, पण उठला. त्यालाही ठाऊक होतं की शनिवार म्हणजे शनिवार. तलाव बांधण्यात नावाजलेल्या कोहळी समाजाच्या कुण्या पूर्वजानं मालगुजारीच्या काळात बांधलेला हा तलाव. सरकारदरबारी तो माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी नुसता मामा तलाव. गेली एकोणीस वर्षं त्याच्या दाराची किल्ली पाणीवाटप संस्थेचा अध्यक्ष म्हणून उमरावच्या कमरेला होती, त्याआधी ती त्याच्या बापाच्या कमरेला होती. दरवर्षी लोक भांडायचे, चिडायचे, दोन दिवस रामराम घालायचे नाहीत आणि कापणीच्या वेळी भारे बांधताना म्हणायचे, "उमरावभाऊनं बराबर टायमावर पानी देल्लं." या एका वाक्यावर उमराव वर्ष काढायचा. दुसरं काही त्याला नको होतं.

तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. नागपूरहून चेतना, त्याची लेक.

"बाबूजी, हिमांशूचा फोन आला होता. जहाजाच्या अकेचाळीस हजारवाल्या दोनच खोल्या उरल्या म्हनते. अजून वाढून राहिलं भाडं. काय सांगू त्याले?"

"शनवारी," उमराव सवयीनं म्हणाला, मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "आपलं, थांब म्हना त्याले. मी पाहातो."

पाळीवरून उतरणारा कवडू खो-खो हसला. "जहाजवाल्यालेबी शनवारच देल्ला का?"

उमरावचं हे थांबणं फक्त पाण्यापुरतं नव्हतं. घरात छत्री यायची ती पावसाळा सरल्यावर, स्वेटर यायचा होळीला. आंबे यायचे ते मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात, आणि आले की दोन टोपल्या एकदम. नातीचं, रिंकूचं शाळेचं दप्तरही त्यानं ऑगस्टात घेतलं होतं, दुकानदार दप्तरं पाहून कंटाळल्यावर. तोवर ती पोर कापडी पिशवी घेऊन शाळेत गेली. यात कंजुषी नव्हती, हे गाव मान्य करायचं. पैसा लागतो तिथे तो सैल हातानं सोडायचा. पण घाईनं दिलेला पैसा त्याला सांडलेल्या पाण्यासारखा वाटायचा, आणि सांडलेलं पाणी त्याच्यानं बघवत नसे.

जहाजाचं खूळ घरात शिरलं ते संक्रांतीला. मुलगा वीरेंद्र गोंदियाला एका राईस मिलच्या ऑफिसात होता. बायको आचल आणि रिंकूसह शहरालगतच्या कुडव्याला राहायचा. सणाला सगळे गावी आलेले असताना त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मुंबईहून सुटणारं, सात मजली इमारतीएवढं जहाज, त्यात हॉटेल, पोहायला टाकी, आणि तीन रात्री समुद्रात. सगळ्यांनी "बापरे" म्हणून झालं. उमरावच्या बायकोनं, चंद्रकांतानं मात्र मोबाइल हातात घेतला तो सोडलाच नाही.

"याले पार कोठी आहे?" तिनं विचारलं. पार म्हणजे तलावाची पाळ.

"समुद्राले पार नसते, आई."

चंद्रकांता नवेगाव बांधची. त्या मोठ्या जलाशयाच्या काठावर तिचं बालपण गेलेलं. तिथलं पाणी केवढंही असलं तरी पलीकडे डोंगर दिसायचे. पाणी म्हटलं की त्याला कुणीतरी अडवून धरलेलं असणारच, असा तिचा समज साठीला आली तरी तसाच होता. ती बराच वेळ त्या निळ्या पडद्याकडे बघत राहिली.

"पार नसलेलं पानी मले एक डाव पाहाचं आहे," ती म्हणाली. "पन आपन सहाही जनं. एकटी-दुकटी मी नाई जात."

अडतीस वर्षांच्या संसारात चंद्रकांतानं मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. उमरावनं तिथल्या तिथे हो म्हटलं. दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाली की लगेच. वीरेंद्रच्या घराशेजारीच हिमांशूचं ट्रॅव्हल्सचं दुकान होतं. त्यानं फोनवरच भाव सांगितला, माणशी बावीस हजार. "काका, अभी कर लो. नवीन सीझन आत्ताच उघडलंय. थोडा ॲडव्हान्स भरा, रेट पक्का. पुढे सुट्टीच्या तारखा फक्त चढतात."

झालं! समोरचा घाई करतोय, हे दिसलं की उमरावचे पाय रुतलेच.

"हजार खोल्यायचं जहाज," त्यानं घरच्यांना समजावलं. "दिवाळीले सारे लोक आपापल्या घरी राहातात. कोन जाते समुद्रात? शेवटी खाली खोल्या घेऊन निघन का तो? मंग आपल्याच मागं लागन, अर्ध्यात घ्या म्हनून. थांबा."

सगळे थांबले. उमराव दर महिन्याच्या एक तारखेला हिमांशूला फोन करायचा. एप्रिलात सत्तावीस झाले. रोवणीच्या दिवसांत तेहतीस. उमराव म्हणायचा, चढू द्या, चढलं की उतरतेच. आता एक्केचाळीस. दिवाळीला सारे लोक समुद्रातच जातात की काय, अशी शंका त्याला पहिल्यांदा आली.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती. चेतना नागपूरला नर्स होती आणि वर्षभर जर्मन भाषा शिकत होती. ऑगस्टात तिचं पत्र आलं. डिसेंबरात जर्मनीला रुजू व्हायचं, आणि पहिली दोन वर्षं सुट्टीचं नाव काढायचं नाही. घरात आनंद झाला, पेढे वाटले गेले. चंद्रकांता त्या रात्री नेहमीपेक्षा दोन पोळ्या कमी जेवली आणि पोट बरं नाही म्हणाली.

त्या मंगळवारी संध्याकाळी उमराव घरी आला तो खुशीत. हिमांशूशी तासभर बोलून त्यानं वाट काढली होती. चंद्रकांता ओसरीवर उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती.

"अवो, चेतनाची माय, आयकून घे. फेब्रुवारीत जाऊ. सोमवार ते गुरुवार. तवा लेकरायच्या परीक्षा राहातात, जहाज खाली जाते. विसाले देऊन राहिला तो! जानेवारीपेक्षाबी दोन कमी. म्हनलं होतं का नाई मी, उतरते म्हनून?"

 चंद्रकांताच्या पुढ्यातल्या ताटलीत सोललेले शिंगाडे होते. तिनं त्यातले सहा वेगळे काढून ओळीनं मांडले.

"रिंकूची परीक्षा राहीन तवा," ती म्हणाली आणि एक शिंगाडा परत ताटलीत टाकला.

"हाव. ते आहे."

"आचल शाळेत शिकवते. परीक्षेत तिले सुटी कोन देईन?" दुसरा गेला. "बायको-लेकराले सोडून वीरेंद्र येनार नाई." तिसरा गेला. मग तिचा हात थोडा थांबला. "चेतना त तवा जर्मनीत."

ओळीत दोन उरले.

"स्वस्त पडन," चंद्रकांता म्हणाली. "दोघंच असलो म्हंजे."

तिच्या आवाजात राग असता तर उमराव भांडला असता, आणि भांडण त्याला जमायचं. पण राग नव्हता. ती खरोखरच त्याला धीर दिल्यासारखं बोलली होती. उमराव खाटेच्या कडेला टेकला.

"माह्या लग्नातबी असंच झालं होतं," ती शिंगाडे सोलत पुढे म्हणाली. "मामंजीनं शेवटचा मुहूर्त धरला. मांडव स्वस्त, बाजा स्वस्त. मनिरामदादा फौजेत होता, त्याची सुटी आठ दिस आधीच सरली. माह्या पाठीमागं चुलतभाऊ उभा केला मंग. अजून फोटो पाहाते त तो परकाच वाटते मले."

ही गोष्ट उमरावला माहीत होती. पण अडतीस वर्षांत ती तिच्या तोंडून त्यानं कधी ऐकली नव्हती.

"तुमचं पानी साऱ्या गावाले टायमावर भेटते," चंद्रकांता म्हणाली. "घरच्यालेच शेवटी."

"तो त नेमच आहे," उमराव पटकन बोलला. खरंच होतं ते. किल्ली ज्याच्याकडे, त्याचं शेत शेवटी भिजायचं, हा गावाचा जुना दंडक होता. दार उघडणाऱ्यावर कुणी बोट दाखवू नये म्हणून वाडवडिलांनी घालून दिलेला. उमरावच्या बापानं तो पाळला, उमरावनंही पाळला.

"नेम शेताचा आहे," चंद्रकांता साली गोळा करत उठली. "घराचा कोन केला?"

शनिवारी उमरावनं दार उघडलं. पाणी पाटात घुसलं, पोरं पाटाच्या कडेनं त्याच्याशी शर्यत लावत धावली, आणि कवडूनं त्याच्या पाठीवर थाप मारली. धान नुकताच पोटरीत आला होता. "बराबर टायमावर, उमरावभाऊ!" उमराव हसला, पण ते वाक्य नेहमीसारखं पोटात उतरलं नाही.

पाणी सगळ्या गावाच्या बांध्यांतून फिरून त्याच्या शेताशी पोहोचायला मंगळवार उजाडला. इतकी वर्षं उमराव या वेळी तलावावर असायचा, दारापाशी. शेवटचं पाणी घ्यायला शेतात चंद्रकांता असायची, फावडं घेऊन. यंदा त्यानं तलावावर कवडूला बसवलं आणि स्वतः शेतात गेला.

चंद्रकांता पाटाच्या तोंडाशी उभी होती, लुगड्याचा काष्टा खोचून. पाणी आलं ते बोटभर उंचीचं, गढूळ, वाटेतला सगळा काडीकचरा घेऊन. तिनं फावड्यानं कचरा अलगद बाजूला केला, दोन ठिकाणी माती ओढली आणि त्या बोटभर पाण्याला असं काही वळवलं की ते शेवटच्या बांधीच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेलं. हे तिचं कसब उमरावनं कधी पाहिलंच नव्हतं. आपलं शेत शेवटी भिजूनही दरवर्षी कसं पिकतं, याचं श्रेय तो आपल्या अंदाजाला देत आला होता.

"तुमी काऊन आले?" तिनं विचारलं.

"असंच."

शेताच्या धुऱ्यावर उभं राहून त्याला एक गोष्ट उमगली आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. सगळं गाव ते 'बराबर टायमावर'चं वाक्य म्हणायचं. चंद्रकांतानं मात्र ते एकदाही म्हटलं नव्हतं. तिनं म्हणावं असं काही त्यानं केलंही नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

बुधवारी सकाळी पहिल्या एसटीनं तो गोंदियाला निघाला. बँकेत काम आहे, एवढंच घरी सांगितलं. कुडव्याला ऑटोतून उतरल्यावर वीरेंद्रच्या घरासमोरून जाताना त्यानं दुपट्टा चोरासारखा तोंडावर ओढला. रिंकूनं गॅलरीतून पाहिलं असतं तर "आबाजी आले" म्हणून अख्खी कॉलनी गोळा केली असती.

हिमांशू पंख्याखाली बसून डबा खात होता. उमरावला पाहून त्यानं डबा झाकला.

"अरे काका! तुम्ही स्वतः? बैठो, बैठो. फेब्रुवारीचं पक्कं करायचं ना?"

"दिवाळीचं सांग. त्या दोन खोल्या आहेत का?"

हिमांशूनं कॉम्प्युटरवर बोटं चालवली आणि ओठ दाबले. "काका, सच बोलूं? परवा गेल्या त्या. इंदोरची पार्टी होती."  इतक्या वर्षांत पायऱ्या मोजताना उमरावचा अंदाज असा कधी चुकला नव्हता. आपण पाणी राखत बसलो आणि तिकडे शेत वाळलं, असं त्याला झालं.

"रुको, रुको," हिमांशू म्हणाला. "एक चार जणांची आहे, पण आतली, बिनखिडकीची. ती वीरेंद्रभैया, भाभी, रिंकू आणि दीदीला होईल. आणि दोघांची एक आहे, बाल्कनीवाली. पण ती महाग आहे. सगळं मिळून माणशी सत्तेचाळीस पडेल."

"सत्तेचाळीस."

"मी जानेवारीतच बोललो होतो, काका. जहाजाचा हिसाब वेगळा असतो. सुट्टीचं असेल तर सगळ्यात आधी घ्यायचं. आणि थांबून स्वस्तात पाहिजे असेल, तर बाकीचे जात नाहीत तेव्हा जायचं."

उमराव खुर्चीत सरसावून बसला. सवय अशी सुटते थोडीच? "आठ दिसानं उतरन का?"

"उतरेल ना," हिमांशू शांतपणे म्हणाला. "फेब्रुवारीत."

उमरावला हसू आलं. आपल्यालाच कुणीतरी 'शनवारी' म्हणावं तसं हे झालं होतं. त्यानं खिशातून चेकबुक काढलं. मग पेन हातात धरून थांबला.

"त्या बाल्कनीत सहा जनं मावतात का?"

"दोघांची आहे, काका. बसायला दोनच खुर्च्या."

"बसाचं कोन म्हनते? उभे मावतात का?"

हिमांशूनं पडद्यावरचा फोटो मोठा केला, दोघांनी डोकी जवळ आणून तो पाहिला. "दाटीवाटीनं मावतील."

"घे मंग."

आयुष्यात पहिल्यांदा पुऱ्या भावानं, तोही शेवटचा आणि सगळ्यात चढा, उमरावनं काही विकत घेतलं. सही करताना पैसा सांडल्यासारखा वाटेल अशी त्याला भीती होती. वाटला नाही. उलट दाराची किल्ली फिरवल्यावर पाटात पाणी घुसतं, तेव्हा जी मोकळीक वाटायची, तशीच काहीशी वाटली. उठताना मात्र तो टेबलावर वाकला.

"एक काम करजो. वीरेंद्रनं विचारलं त बावीस सांगजो."

"बावीस? काका, वो तो जनवरी का रेट था!"

"मंग? तूच त सांगतला होता. खोटं थोडीच आहे."

घरी आल्यावर त्यानं ओसरीवरूनच हाक दिली. "झालं काम! शेवटल्या खोल्या होत्या, कंपनीले खपवाच्या होत्या. बावीसलेच देल्लन. भाऊबीज झाली का निघाचं, सहाही जनं!"

चंद्रकांता चुलीपाशी होती. ती वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून उमरावला सत्तेचाळीस थोडेच वाटले. पावतीचा कागद मात्र त्यानं घडी घालून तांदळाच्या कोठीत, एका कोपऱ्यात खोल खुपसून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर कवडूनं गावभर केलं. "आपन पान्यासाठी बोंबलतो, अन् या मानसानं समुद्रातलं जहाज थांबवलं! जानेवारीच्या भावात, दिवाळीत!" लोक कौतुकानं उमरावकडे बघत. दोघा-तिघांनी तर सोनं कधी घ्यावं हेही विचारलं. उमराव खाली मान घालून सुपारी चघळत राहायचा. लोकांना वाटायचं, केवढा नम्र माणूस!

भाऊबिजेला मनिराम आला. फौजेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी ताठ चालायचा. ओवाळून झालं, पानं वाढली आणि त्यानं विषय काढलाच.

"कितीत पडलं जी, जावाईबापू? माह्या सोबत्यानं मागच्या साली केलं त चाळीसच्या वर गेलं होतं."

 पाणी प्यायला उमरावनं लोटा उचलला, तोच चंद्रकांता आतून म्हणाली, "बावीस. यायले कोन फसवन, दादा?"

तिनं ते इतकं सहज म्हटलं की मनिरामनं मान डोलावली आणि पुन्हा भात मागितला. उमरावनं सुटकेचा श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी बॅगा भरताना तो हळूच कोठीपाशी गेला. जहाजावर चढताना पावती लागेल, असं हिमांशूनं बजावलं होतं. त्यानं तांदळात हात घातला. हाताला कागद लागला नाही, प्लॅस्टिकची पिशवी लागली. ती वर काढली. आत त्याचा कागद होता, त्याच घडीवर दुमडलेला, सोबत कडुलिंबाची चार वाळकी पानं. पिशवीचं तोंड लुगड्याच्या काठातून काढलेल्या लाल दोऱ्यानं बांधलेलं होतं.

पानं कुरकुरीत वाळलेली होती. म्हणजे पिशवी बांधून बरेच दिवस झाले होते. चंद्रकांता सातवीपर्यंत शिकलेली, आकडे तिला बापाच्या दुकानापासून येत होते. काल भावासमोर 'बावीस' म्हणताना तिला सगळं माहीत होतं.

उमरावनं पिशवी सदऱ्याच्या खिशात ठेवली. आतून तिची हाक आली, "सापडलं का?"

"हाव," तो म्हणाला. "सापडलं."

 विदर्भ एक्सप्रेसमध्ये रिंकूच्या प्रश्नांना उत्तरं देता देता मुंबई आली, आणि जहाजात शिरल्यावर उत्तरं देणारेही गप्प झाले. चौघांच्या आतल्या खोलीत सामान टाकलं आणि पहिल्याच संध्याकाळी सगळे आजी-आबाजींच्या बाल्कनीत जमले. हिमांशूचा अंदाज बरोबर होता. दाटीवाटीनं मावत होते. दोन खुर्च्या बाहेर काढून पलंगावर ठेवाव्या लागल्या, एवढंच.

किनारा मागे पडला होता. समोर पाणी होतं, आणि त्यापुढेही पाणीच. चेतनानं आईच्या कमरेला हात घातला होता, वीरेंद्र आणि आचल एका बाजूला, रिंकू कठड्याच्या खालच्या दांडीवर चढलेली. चंद्रकांता मधोमध. पदर वाऱ्यावर उडत होता आणि ती तो सावरत नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"आबाजी, या पान्याचं दार कोठी आहे?" रिंकूनं विचारलं.

"नाई वो बाई, याले दार," उमराव म्हणाला. तो दाराच्या चौकटीत, सगळ्यांच्या मागे उभा होता. सगळ्यांना नीट दिसतंय ना, हे बघून झाल्यावर टाचा उंचावून त्यानंही पाहिलं. सवयीनं त्याची नजर पलीकडची पाळ शोधत होती.

शेजारच्या बाल्कनीतून एक गृहस्थ डोकावले. गोरे, टोपी घातलेले, बोलायला उत्सुक. "कुठून आलात? गोंदिया? अरे वा! बुकिंग कधी केलंत? आम्ही जानेवारीतच केलं, बावीसमध्ये. हे असंच करायला हवं बघा. शेवटपर्यंत थांबणारे हमखास फसतात."

"आमालेबी बावीसच—" वीरेंद्र अभिमानानं सुरू झाला. उमराव चौकटीत आणखी मागे सरकला. आता हे गृहस्थ पुन्हा विचारणार, कधी केलंत, कसं केलंत. आणि सगळं उघडं पडणार.

चंद्रकांतानं मान वळवली नाही. समुद्राकडेच बघत, वीरेंद्रचं वाक्य मध्येच तोडून ती म्हणाली, "आमी? आमी बराबर टायमावर केलं."

गृहस्थ हसले आणि त्यांच्या खोलीत गेले. उमराव चौकटीत तसाच उभा होता. एकोणीस वर्षं गावानं म्हटलेलं ते वाक्य त्यानं घरच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याच्या चष्म्याच्या काचा वाऱ्यानं खारट, धुरकट झाल्या होत्या आणि तो त्या सदऱ्याच्या टोकानं पुसत बसला.

चंद्रकांतानं रिंकूला थोडं बाजूला सरकवलं. आपल्याजवळ कठड्यावर हातभर जागा केली आणि त्या जागेवर थोपटलं.

"या ना पुढं," ती म्हणाली. "शेवटी कायले उभे राहाता?"

उमरावनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुढे येऊन तिच्या हाताशेजारी कठडा धरला.